७टीपी: पोलंडच्या हलक्या रणगाड्याचा नमुना कसा घडला? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेल्या गणपतीत सोसायटीच्या हॉलमध्ये मी माझी प्लास्टिकची रणगाड्यांची मॉडेलं मांडली होती. टायगर आणि शर्मनपुढे पोरांची झुंबड. पण मोठी माणसं हटकून थांबायची ती कोपऱ्यातल्या एका बुटक्या, पाठीला कुबड आल्यासारख्या दिसणाऱ्या गाडीपुढे. "हा कुणाचा? रशियन का?" तीच उत्तरं देऊन देऊन विसर्जनापर्यंत माझा घसा बसला. म्हणून ती इथं एकदाच लिहून ठेवतो.

७टीपी म्हणजे काय?

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात पोलंडने बनवलेला हलका रणगाडा. नावाचा अर्थ अगदी साधा: "सात टनी, पोलिश". ब्रिटनच्या विकर्स कंपनीच्या रणगाड्यावरून तो बेतला होता. १९३३ मध्ये त्याच्या नमुन्यावर काम सुरू झालं आणि १९३९ पर्यंत तो बनत राहिला.

पोलंडला याची गरज का पडली?

सव्वाशे वर्षं तीन साम्राज्यांनी वाटून घेतलेला हा देश १९१८ मध्ये पुन्हा नकाशावर आला. एका बाजूला जर्मनी, दुसऱ्या बाजूला सोव्हिएत रशिया. हाताशी होते ते पहिल्या महायुद्धातले फ्रेंच रेनो एफटी रणगाडे. ते १९१९ मध्ये पोलिश जनरल हालेर यांच्या सैन्याबरोबर फ्रान्सहून आले होते आणि ताशी ८ किलोमीटरही नीट गाठत नव्हते. म्हणजे सायकलवाला सहज पुढे जाईल. १९३० च्या आसपास ते पार खिळखिळे झाले. पोलंडने टीके आणि टीकेएस नावाच्या छोट्या दोनमाणशी चिलखती गाड्या बनवल्या, त्याही साडेपाचशेहून जास्त. पण त्यांना फिरता बुरूज नव्हता आणि बहुतेकींवर एक मशीनगन, एवढंच. टेहळणीला ठीक, रणगाड्यासमोर मात्र काही चालायचं नाही.

मग विकर्सच का?

कारण तेव्हा दुकानात मांडलेला सगळ्यात चांगला माल तोच होता. विकर्सने १९२८ मध्ये "सहा टनी" किंवा मार्क ई नावाचा रणगाडा स्वतःच्या पैशाने बनवला. रचनाकार जॉन कार्डन आणि व्हिव्हियन लॉइड. गंमत म्हणजे ब्रिटिश सैन्याने तो बघितला, चालवला आणि नको म्हटलं. घरच्यांनी नाकारलेला हा माल परदेशात मात्र हातोहात गेला: सोव्हिएत रशिया, पोलंड, फिनलंड, चीन, बोलिव्हिया, सयाम. १९३३ मध्ये बोलिव्हियाने तो पॅराग्वेविरुद्ध चाको युद्धात उतरवला.

पोलंडने सप्टेंबर १९३१ मध्ये ३८ गाड्यांचा करार केला आणि सोबत तो घरी बनवायचा परवानाही घेतला.

परवाना घेतला होता, तर सरळ तोच का नाही बनवला? नवा नमुना कशाला?

सगळ्या गोष्टीची मेख इथं आहे. मला विचाराल तर ७टीपीचा इतिहास हा तोफेचा किंवा चिलखताचा नाही, इंजिनाचा आहे.

विकर्सच्या गाडीत आर्मस्ट्राँग-सिडलीचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन होतं, साधारण ९० अश्वशक्तीचं. ते आडवं झोपवलेलं होतं आणि पाण्याने नव्हे, हवेने थंड व्हायचं. आडवं असल्यामुळे गाडीची पाठ बसकी राहिली. दिसायला छान, शत्रूलाही कमी दिसणारं. पण ते तापायचं. पोलंडमध्ये आलेल्या गाड्यांना बुरुजामागे हवा आत घेण्यासाठी पत्र्याचे मोठाले खोके जोडावे लागले. जुन्या फोटोत पोलिश विकर्स ओळखायची खूण तीच.

माझे मामा एसटीच्या वर्कशॉपात होते. त्यांना मी हा प्रकार सांगितला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "अरे, घाटात गाडी तापायला लागली की बॉनेट उघडं टाकून चालवायचे, त्यातलाच प्रकार." रणगाड्याचं बॉनेट उघडं टाकता येत नाही, एवढाच फरक.

तापण्यावर एखादा उपाय निघालाही असता. खरी अडचण कागदावरची होती: परवान्यात इंजिन नव्हतं. गाडीचं धूड बनवा, पट्टे बनवा, पण इंजिन आमचं आम्हीच विकणार, असा तो मामला. युद्ध पेटलं आणि जहाजं थांबली की कारखान्यात बिनइंजिनाच्या गाड्यांची रांग लागणार. हे पोलिश अभियंत्यांना परवडणारं नव्हतं.

मग कोणतं इंजिन बसवलं?

झाउरर डिझेल. मूळ स्विस कंपनीचं सहा सिलिंडरचं, ११० अश्वशक्तीचं, पाण्याने थंड होणारं इंजिन. पोलंडमध्ये ते परवान्याखाली बनत होतं, मुख्यतः जड ट्रक आणि बससाठी. म्हणजे कारागीर, सुटे भाग, दुरुस्तीची माहिती सगळं देशातच. शिवाय डिझेल पेट्रोलइतकं भडकन पेटत नाही, आणि तेवढ्याच इंधनात गाडी जास्त लांब जाते.

पण हे इंजिन उभं! आडव्या इंजिनासाठी बेतलेल्या बसक्या पाठीत ते मावेना. त्याला रेडिएटर हवा, पंखा हवा, जागा हवी. म्हणून गाडीचा मागचा भाग नव्याने आखून उंच करावा लागला. सोसायटीतल्या आजोबांनी ज्याला "कुबड" म्हटलं ते हेच. विकर्स आणि ७टीपी शेजारी ठेवा, पुढून जुळे भाऊ वाटतील. मागून बघितलं की फरक लगेच कळतो.

म्हणजे जगातला पहिला डिझेल रणगाडा हाच का?

असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. तसं नाही. जपानने टाइप ८९ या रणगाड्याच्या दुसऱ्या आवृत्तीत मित्सुबिशीचं डिझेल आधीच बसवलं होतं. युरोपात मात्र मालिकेने बनलेल्या पहिल्या डिझेल रणगाड्यांत ७टीपीचं नाव घ्यावंच लागतं. त्याच वेळी जर्मन रणगाडे पेट्रोलवर चालत होते, आणि युद्ध संपेपर्यंत पेट्रोलवरच राहिले.

"स्मोक" आणि "स्वोन्य" ही काय भानगड आहे?

दोन नमुन्यांची नावं. पोलिशमध्ये स्मोक म्हणजे ड्रॅगन आणि स्वोन्य म्हणजे हत्ती. कागदोपत्री या कामाचं नाव होतं व्हीएयू ३३. त्यातला "यू" कुणी उर्सुस कारखान्याचा मानतात, कुणी "सुधारित" या अर्थाच्या पोलिश शब्दाचा. कारखान्यातल्या माणसांनी मात्र त्यांना ड्रॅगन आणि हत्ती करून टाकलं. नऊ टनांच्या आसपासची, डिझेलचा धूर सोडत गुरगुरणारी गाडी बघितली की ती नावं पटतात.

हे दोन्ही नमुने चिलखती पत्र्याचे नव्हते, साध्या मऊ पोलादाचे होते. भोसरी किंवा सातपूरला ज्याने फॅब्रिकेशनचं काम केलंय त्याला कारण सांगायला नको. एमएसची प्लेट कापा, वाकवा, भोक चुकलं तर भरून पुन्हा पाडा. कडक केलेल्या पत्र्यावर ते चोचले चालत नाहीत, ड्रिलचं टोक जातं आणि पत्राही वाया. इंजिन किती पुढे-मागे बसेल, झाकण कुठे उघडेल, पंख्याला हवा कुठून मिळेल हे ठरेपर्यंत महागडा पत्रा कोण वाया घालवेल? असला नमुना लढाईला नेत नाहीत, तो चाचणीला आणि शिकाऊ चालकांच्या हाताला.

चाचण्यांनंतर १९३५ मध्ये पहिल्या २२ गाड्यांची ऑर्डर निघाली आणि ७टीपी हे नाव पक्कं झालं.

इंजिन सोडून विकर्सपेक्षा आणखी काय बदललं?

चिलखत. विकर्सचं जास्तीत जास्त १३ मिलिमीटर होतं, ते महत्त्वाच्या जागी १७ पर्यंत नेलं. एवढ्याने रायफल आणि मशीनगनच्या गोळ्या अडतात. रणगाडाविरोधी तोफेपुढे १३ काय आणि १७ काय, सारखेच.

चाकांची मांडणी मात्र जवळपास तशीच ठेवली, आणि ते शहाणपणाचं होतं. प्रत्येक बाजूला चाकांचे दोन गट, एकेका गटात चार चाकं, आणि त्यांना जोडणारे स्प्रिंगचे पाटे. होय, ट्रकखाली असतात तसलेच पाटे, फक्त वेगळ्या पद्धतीने अडकवलेले. धावायला फार वेगवान नाही, पण दुरुस्तीला सोपं आणि दणकट. मागे इंजिन, तिथून माणसांच्या पायांमधून जाणारा दांडा, पुढे गिअरबॉक्स आणि पट्टा ओढणारं दातेरी चाकही पुढे.

पहिल्या गाड्यांना दोन बुरूज का?

त्या काळची फॅशन म्हणा हवं तर. कल्पना अशी की गाडी शत्रूच्या खंदकावर आडवी उभी करायची आणि एका बुरुजातून डावीकडे, दुसऱ्यातून उजवीकडे मशीनगन चालवायची. खंदक झाडून काढायला उत्तम. पण समोर रणगाडा आला तर दोन मशीनगन मिळूनही काही करू शकत नाहीत. दुसरी गोष्ट, दोन्ही बुरूज एकमेकांच्या आड यायचे, त्यामुळे कुणालाच पूर्ण गोल फिरता यायचं नाही.

विकर्सचा एकबुरुजी प्रकारही होता, ४७ मिलिमीटर तोफेचा. आकडा मोठा दिसतो, पण त्या गोळ्याला वेग कमी, म्हणून चिलखत फोडण्यात ती तोफ कच्ची. पोलंडने स्वीडनच्या बोफोर्सकडे मोर्चा वळवला. (हो, तीच कंपनी. आपल्याकडे नाव घेतलं की चर्चा लगेच १९८० च्या दशकात जाते, म्हणून आधीच सांगितलं.) बोफोर्सची ३७ मिलिमीटरची रणगाडाविरोधी तोफ पोलिश पायदळाने आधीच स्वीकारली होती आणि ती देशात बनतही होती. तीच तोफ बुरुजात घेतली, म्हणजे पायदळाला आणि रणगाड्याला एकच गोळा. बुरुजाची मूळ रचनाही स्वीडिश, तिच्यात पोलिश अभियंत्यांनी आपल्या गरजेप्रमाणे फेरफार केले. तोफेच्या बाजूला पाण्याने थंड होणारी ७.९२ मिलिमीटरची मशीनगन. गाडीत तोफेचे ८० गोळे मावायचे.

हा एकबुरुजी प्रकार १९३७ पासून बनू लागला, आणि माझ्या मते खरा ७टीपी तोच.

फिरता पेरिस्कोप, म्हणजे बंद गाडीतून बाहेर बघायचं साधन, याच रणगाड्यावर पहिल्यांदा आला का?

७टीपीच्या एकबुरुजी गाड्यांवर तो होता, आणि या सगळ्या प्रकरणात जगाने सर्वांत जास्त उचललेली वस्तू तीच. रुडॉल्फ गुंडलाख या पोलिश अधिकाऱ्याने १९३६ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. त्याआधी रणगाड्यातल्या माणसाला मागे बघायचं तर अंग वळवावं लागे, आणि बुरुजात अंग वळवायला जागा कुठे असते! सहा आसनी रिक्षात मधल्या माणसाने मागे वळून बघावं तसं. गुंडलाख यांच्या पेरिस्कोपमध्ये बसल्या जागी, मान न वळवता पाठीमागचंही दिसायचं.

पोलंडने हे हक्क विकर्सला केवळ नाममात्र १ झ्लॉटी घेऊन दिले. पुढे ब्रिटिश रणगाड्यांवर तो मार्क ४ पेरिस्कोप म्हणून सर्रास लागला, आणि सोव्हिएत रशियाने एमके-४ नावाने त्याची नक्कल केली.

नावात ७ टन, मग वजन ९.९ टन कसं?

लग्नाच्या यादीचं होतं तेच. मोठं इंजिन आलं, जाड पत्रा आला, तोफ आली, मोठा बुरूज आला. दोनबुरुजी गाडी साडेनऊ टनांच्या आत होती, एकबुरुजी दहाला टेकली. नाव बदलायच्या फंदात कुणी पडलं नाही. वेगही साहजिकच उतरला, रस्त्यावर ताशी ३७ किलोमीटरवरून ३२ च्या घरात.

आत किती माणसं?

तीन. चालक, तोफ चालवणारा आणि कमांडर.

रेडिओ होता का?

१९३८ पासूनच्या गाड्यांमध्ये बुरुजाला मागे एक खोका वाढवला तो रेडिओसाठीच. पण रेडिओ सगळ्यांना मिळाला नाही, अधिकाऱ्यांच्या गाड्यांनाच. बाकीच्यांनी झेंड्यांच्या खुणांवर भागवायचं.

एकूण किती बनले?

नमुने धरून १३०-१४० च्या दरम्यान, त्यातले दोन डझन दोनबुरुजी. शेजारी बघा: याच विकर्सवरून सोव्हिएत रशियाने बनवलेल्या टी-२६ ची संख्या १० हजारांच्या वर. पैसा, पोलाद आणि कारखाने असले की काय होतं त्याचा हा हिशोब.

१९३९ मध्ये हा रणगाडा कसा लढला?

एकास एक म्हटलं तर चांगला. तेव्हाच्या जर्मन सैन्यात संख्येने जास्त असलेले पँझर १ आणि पँझर २ हे पातळ चिलखताचे होते, पहिल्यावर दोन मशीनगन, दुसऱ्यावर २० मिलिमीटरची तोफ. बोफोर्सचा ३७ चा गोळा त्यांच्या आरपार जायचा.

पण लढाई एकास एक नसते. ७टीपीच्या दोन बटालियन उभ्या होत्या, प्रत्येकी ४९ गाड्यांच्या. ५ सप्टेंबरला प्योत्रकुफ त्रिबुनाल्स्की इथं दुसरी बटालियन जर्मन चिलखती डिव्हिजनवर गेली ती कंपनी-कंपनीने, एकामागून एक, एकवटून नाही. काही जर्मन गाड्या मारल्या, पण बटालियन मोडली. पहिली बटालियन माघार घेत, लढत १८ सप्टेंबरला तोमाशुफ लुबेल्स्कीपर्यंत पोहोचली आणि तिथल्या लढाईत संपली. वॉर्सात दोन स्वतंत्र कंपन्या शहराच्या बचावात होत्या. कित्येक गाड्या तर शत्रूने मारल्याच नाहीत, बिघाड झाला किंवा डिझेल संपलं म्हणून रस्त्याकडेला सोडाव्या लागल्या.

पोलिश घोडदळ भाले घेऊन रणगाड्यांवर धावून गेलं होतं, ते खरं का?

नाही. १ सप्टेंबरला क्रोयांती इथं घोडदळाने हल्ला केला तो जर्मन पायदळावर. नंतर चिलखती गाड्या आल्या आणि त्यांच्या मशीनगनखाली घोडेस्वार सापडले. बाकी प्रचार.

टी-२६ आणि ७टीपी भाऊ म्हणायचे का?

चुलतभाऊ म्हणा. दोघांचा आजा विकर्स. रशियाने १५ विकर्स विकत घेतले, १९३१ मध्ये टी-२६ स्वीकारला, आणि आडवं पेट्रोल इंजिनही तशाच ठेवणीचं घेतलं. पोलंडने इंजिन बदललं. आणि मग १७ सप्टेंबर १९३९ ला सोव्हिएत सैन्य पूर्वेकडून पोलंडमध्ये घुसलं ते त्याच टी-२६ गाड्या घेऊन.

हा दिवस आपल्याला वाटतो तेवढा दूरचा नाही. त्या आक्रमणानंतर पूर्व पोलंडमधली कुटुंबंच्या कुटुंबं सैबेरियाला धाडली गेली. त्यांतली काही सुटून इराणमार्गे भारतात आली आणि १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडेच्या छावणीत राहिली, सुमारे पाच हजार माणसं. माझं मॉडेल बघायला आलेल्या एका कोल्हापूरच्या आजींनी "पोलंड" हा शब्द ऐकताच विचारलं, "म्हणजे आमच्या वळिवड्याचे?" त्या दिवशी रणगाड्याचं बोलणं तिथंच राहिलं.

उर्सुस हे नाव कुठेतरी ऐकलंय...

ट्रॅक्टरमुळे ऐकलं असेल. ७टीपी बनवणारा सरकारी कारखाना वॉर्साजवळ उर्सुसचाच होता. युद्धानंतर तिथं शेतीचे ट्रॅक्टर बनू लागले, आणि १९६० च्या दशकात आपल्या एस्कॉर्ट्सने ट्रॅक्टर काढला तो उर्सुसच्याच सहकार्याने.

पुढची सुधारित आवृत्ती आली नाही का?

तयारी होती. चिलखत जाड करायचं, रिव्हेट-बोल्टऐवजी वेल्डिंग करायचं, हलकं डिझेल बसवायचं. याला पुष्कळदा ९टीपी म्हणतात. शिवाय अमेरिकन रचनाकार क्रिस्टीच्या रणगाड्यांच्या धर्तीवरचा १०टीपी आणि छोटा ४टीपी यांचे नमुनेही फिरले. सप्टेंबर उजाडला आणि सगळं कागदावर किंवा चाचणीच्या मैदानात राहिलं.

आज कुठे बघायला मिळेल?

पूर्ण अवस्थेतला मूळ ७टीपी आज एकही नाही. पोलंडमध्ये जोडून-जुळवून उभी केलेली प्रतिकृती आहे. आपल्याकडे जवळचं ठिकाण म्हणजे अहिल्यानगरचं, म्हणजे जुन्या अहमदनगरचं, रणगाडा संग्रहालय. तिथं ७टीपी नाही, पण व्हॅलेंटाइन आणि चर्चिल आहेत, आणि त्या जातीच्या गाड्यांवर गुंडलाखचा पेरिस्कोप असायचा. छतावरची ती छोटी टोपी शोधा. दुपारी जाऊ नका, उन्हात पत्र्याला हात लावता येत नाही.

मॉडेल करायचंय, काय लक्षात ठेवू?

एकबुरुजी घ्या. रंग तीन: वाळूसारखा राखाडी, हिरवा आणि गडद तपकिरी, कडा फवारलेल्या, ठळक रेघेच्या नाहीत. मोठी राष्ट्रीय चिन्हं लावू नका, १९३९ मध्ये ती नसायची. बुरूज मधोमध चिकटवू नका, तो थोडा डावीकडे आहे. आणि मागची बाजू घाईत उरकू नका. मी पहिल्यांदा केलं तेव्हा इंजिनावरचं झाकण घासून सपाट करत बसलो होतो, साचा वाकडा आलाय असं समजून. अर्धा तास घासल्यावर फोटो बघितला, तेव्हा कळलं की ती उंची तिथं मुद्दामच आहे.